दूरच्या वर्गांतील चर्चा

शिक्षकानें प्रश्न विचारावा व विद्यार्थ्यानें उभें राहून उत्तर द्यावें, ही वर्गांतील रीत आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु शिक्षक एका गांवीं, विद्यार्थी दुसऱ्या गांवीं, आणि प्रश्नोत्तरें संगणकाच्या पडद्यावर लेखी चाललेलीं, हा प्रकार पुष्कळ घरांत २०२० सालच्या महामारींतच प्रथम शिरला. वस्तुतः तो तितका नवा नाहीं. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या यंत्रणेंत १९७३ सालींच अशा लेखी चर्चेची सोय झाली होती. आपल्याकडे २०१७ सालीं सुरू झालेल्या 'स्वयं' या सरकारी उपक्रमांतही व्याख्यान, वाचनसामग्री व स्वयंचाचणी यांच्या जोडीला चर्चा हें शिक्षणाचें चौथें अंग मानलें आहे.

ही चर्चा हवी तरी कशाला? मेरी बड रो या अमेरिकन विदुषीनीं गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत शाळांतील प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारणतः एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबल्यास उत्तरें अधिक विस्तृत व सकारण येतात, आणि एरवीं गप्प बसणारीं मुलेंही बोलूं लागतात, असें त्यांना आढळलें. लेखी चर्चेंत तीन सेकंदच काय, कित्येकदां तीन दिवसही मिळतात! बुजऱ्या किंवा भाषेंत अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला याहून मोठा आधार कोणता?

मात्र ही सवड व्यर्थ दवडणारेही थोडे नाहींत. 'मी सहमत आहें' एवढें लिहून हजेरी लावणें म्हणजे चर्चा नव्हे. समजा, प्रश्न १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळाचा आहे. एकानें लिहिलें, 'पाऊस पडला नाहीं.' दुसऱ्यानें त्यावर विचारावें, 'तें खरें. पण त्याच काळांत देशांतून धान्य परदेशीं जात होतें, तें कां?' एवढ्या एका प्रश्नानें सगळा वर्ग ऋतुमानाकडून राज्यव्यवस्थेकडे वळतो. पूर्वीच्या उत्तराचा दुवा धरणें, त्यांत एका पुराव्याची भर घालणें व पुढच्यासाठीं एक प्रश्न ठेवणें, हें उत्तम सहभागाचें लक्षण होय.

'मूडल' नांवाच्या प्रणालींत एक मार्मिक योजना आहे. शिक्षकानें ती लागू केली, कीं स्वतःचें उत्तर लिहिल्याविना विद्यार्थ्याला इतरांचीं उत्तरें दिसत नाहींत. जेथें ती नसेल, तेथें विद्यार्थ्यानें हा नियम आपण होऊन पाळावा. आतां तर क्षणांत निबंध रचून देणारीं यंत्रें हाताशीं आलीं आहेत. त्यांचें उत्तर उतरून काढल्यास तें निर्दोष दिसेलही; पण 'असें तुम्हांस कां वाटतें?' असें कोणीं विचारतांच उसना विचार उघडा पडतो.

आणखी एक पथ्य. लेखांत आवाजाची मृदुता नसते, चेहऱ्यावरचें स्मितही नसतें. म्हणून खंडन मताचें करावें, व्यक्तीचें नव्हे. आणि लिहिलेलें एकवार मोठ्यानें वाचून मगच धाडावें.

पालकांनींही मुलाचें उत्तर स्वतः सुधारून देण्याचा मोह आवरावा. तें थोडें ओबडधोबड असेना कां. तें त्याचें स्वतःचें असेल, तरच त्या वर्गांत तो खरोखर हजर आहे.