विश्लेषण : कुंडीतल्या जास्वंदीला नेमके झाले आहे तरी काय?

पुण्यात मंडईच्या आसपासच्या पेठांमध्ये वाडे गेले, अंगणे गेली. जास्वंद, कुंद, कढीपत्ता मात्र गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये टिकून आहेत. अनेक घरांत देवाला वाहायचे फूल तिथूनच तोडले जाते. म्हणूनच शेंडे आकसले, कळ्या गळू लागल्या की घाईने औषध मारले जाते. कधी तर झुरळांचा स्प्रेही! दुखणे एक आणि औषध भलतेच, अशी गत होते. त्याआधी पान उलटून पाहणे गरजेचे असते.

पांढरा कापूस कशाचा?

जास्वंदीच्या शेंड्यांवर, पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. तो रस शोषतो आणि चिकट गोड द्राव सोडतो. त्या द्रावावर काळी बुरशी धरते. मुंग्या हाच द्राव खायला येतात आणि मिलीबगच्या शत्रूंना हुसकावून लावतात. त्यामुळे खोडावरची मुंग्यांची रांग ही पहिली खूण.

फवारणीने कीड का वाढते?

मूळचा मेक्सिकोकडचा पपईवरील मिलीबग भारतात २००८ मध्ये कोइमतूरला आढळला. पुढे तो पुणे परिसरातील पपईच्या बागांपर्यंत पोहोचला. जास्वंदीवरही तो वाढतो. अंगावरच्या मेणामुळे त्याच्यावर फवारणीचा नीट परिणाम होत नव्हता. अखेर २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून परोपजीवी कीटक आणण्यात आले. त्यांपैकी मिलिमीटरभरही नसलेल्या ‘अ‍ॅसेरोफॅगस पपाये’ या कीटकाने ही कीड आटोक्यात आणली. जहाल औषधाने असे मित्रकीटक आधी मरतात आणि मिलीबगला रान मोकळे मिळते.

एक फसवणूक आणखी आहे. मिलीबग खाणाऱ्या ‘क्रिप्टोलेमस’ भुंग्याची अळीही पांढरीच दिसते. पण तिच्या अंगावरचे मेणाचे धागे लांब असतात आणि ती चपळ असते. पुंजका झरझर चालत असेल तर त्याला मारू नये.

इतर खुणा काय सांगतात?

- पानावर बारीक फिकट ठिपके, खाली जाळी : लाल कोळी. पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. ठिपके चालू लागले तर खात्री पटते. कोरड्या उन्हाळ्यात ही कीड वाढते.
- बेंजामिना फायकसची पाने मधोमध दुमडलेली : आत फुलकिडे असतात. अशी पाने तोडून पिशवीत बंद करून टाकावीत.
- गुलाब, बोगनवेलीच्या पानांना कडेने गोल काप : पाने कापणारी मधमाशी. उपाय नको.
- लिंबू, कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी : हे फुलपाखराचे पिल्लू. हाताने उचलून बाजूला करावे.

कीड नसतानाही पाने पिवळी का?

माती ओली असूनही झाड मलूल दिसत असेल तर मुळे कुजत असण्याची शक्यता असते. पाणी देण्याआधी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे आणि कुंडीचे तळाचे छिद्र मोकळे आहे ना, ते तपासावे. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता असू शकते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची.

उपाय कोणत्या क्रमाने?

कुंडी बाजूला ठेवावी. जास्त कीड असलेले शेंडे छाटावेत आणि पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. मुंग्यांची वाट तोडावी. तरीही कीड राहिली तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंब तेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे, आठवड्याने पुन्हा. आधी दोन-चार पानांवर करून पाहावे. झुरळांच्या स्प्रेने मात्र पाने करपतात. शिवाय हेच फूल देवघरात आणि कढीपत्ता फोडणीत जायचा असतो.

निदान होत नसेल तर पान बंद पारदर्शक पिशवीत घालून रोपवाटिकेत दाखवावे. नवे रोप आणल्यावर पहिले दोन आठवडे ते इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे. बऱ्याचदा कीड अशा नव्या रोपाबरोबरच घरात येते.