तारप्याचा न तुटणारा सूर मोबाइलमध्ये का तुटतो?

डहाणू-तलासरीच्या एखाद्या पाड्यावर रात्री तारपा नाच सुरू आहे. तुम्ही मोबाइल काढून व्हिडिओ घेता. शेजारचा कोणी जोरात शिट्टी मारतो. घरी येऊन व्हिडिओ ऐकता, तर शिट्टीबरोबर तारपा एकदम दबतो आणि मग हळूहळू वर येतो. प्रत्यक्षात असं काहीच झालं नव्हतं. मग हे केलं कोणी? तुमच्या फोनने.

डायनॅमिक रेंज म्हणजे काय?

सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर म्हणजे डायनॅमिक रेंज. ती डेसिबलमध्ये मोजतात. अंगणातल्या पावलांचा आवाज हळू, तारप्याचा मोठा, कानाजवळची शिट्टी त्याहून मोठी. हे अंतर कमी करणं म्हणजे कम्प्रेशन. एमपीथ्री करताना फाइलचा आकार कमी होतो, ते कम्प्रेशन वेगळं. इथे आवाजाचा चढ-उतार कमी होतो.

ते चालतं कसं?

समजा, मर्यादा उणे २० डेसिबल आणि प्रमाण ४:१ ठेवलं. उणे ८ डेसिबलचा आवाज मर्यादेच्या १२ डेसिबल वर आहे. कम्प्रेसर त्याला फक्त ३ डेसिबल वर जाऊ देतो, म्हणजे तो उणे १७ वर येतो. मग सगळाच आवाज ९ डेसिबलने वाढवला, की मोठा आवाज पुन्हा उणे ८ वर जातो. पण उणे ४० वरची रातकिड्यांची किरकिर उणे ३१ वर येते. म्हणून अशा व्हिडिओत वारा आणि जनरेटरची घरघर जास्त ऐकू येते.

मोठा आवाज आल्यावर कम्प्रेसर किती लवकर दाबतो याला अटॅक म्हणतात आणि किती वेळात सोडतो याला रिलीज. व्हिडिओ घेताना बहुतेक फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतात. शिट्टी मोठी, म्हणून फोन सगळंच दाबतो. त्यात तारपाही दबतो आणि सावकाश सुटतो.

तारप्यातच हे इतकं का जाणवतं?

वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि मेण यांपासून तारपा बनतो. तारपकरी गालात हवा धरून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. बोलण्यात मध्ये थांबे असतात, तिथे असा चढ-उतार लपून जातो. तारप्यात लपायला जागाच नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगाला माहीत झालेल्या वारली चित्रांत तारपकरी मधोमध असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती. सगळा नाच त्या सुरावर चालतो. व्हिडिओत नेमका तोच डगमगतो.

म्हणजे कम्प्रेशन वाईट?

नाही. डहाणू लोकलच्या खडखडाटात इअरफोनवर मुलाखतीतलं हळू बोलणंही कळतं, ते बऱ्याचदा कम्प्रेशनमुळेच. प्रश्न किती आणि केव्हा, एवढाच आहे.

मग रेकॉर्डिंग कसं करावं?

• गर्दीपासून जरा बाजूला, पण तारपा स्पष्ट ऐकू येईल अशा जागी उभे राहा.
• आपोआप होणारं आवाज-नियंत्रण बंद करता येईल असं रेकॉर्डिंग ॲप वापरा.
• सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आत ठेवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि तो नंतर नीट दुरुस्त होत नाही.
• मूळ फाइल जपून ठेवा. कम्प्रेशन करायचं तर तिच्या प्रतीवर करा.

आपला व्हिडिओ इतरांपेक्षा मोठ्याने वाजावा म्हणून आवाज ठेचून भरू नका. यूट्यूब जास्त मोठा आवाज स्वतःच खाली आणतं. मोठेपणा तिथेच जातो, ठेचलेपण मात्र राहतं. पुढे एखाद्या मुलाला तारपा शिकायचा असेल, तर कदाचित तुमचंच रेकॉर्डिंग त्याच्या हाती पडेल. त्यात सूर अखंड असू द्या.