आयडलिंग बिघडलंय? मग त्या स्क्रूला हात लावू नका

सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन थरथरतं, आरपीएमचा काटा वरखाली होतो आणि गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: "रेस थोडी वाढवून देतो, बंद पडणार नाही." हे वाक्य अजूनही इतक्या सर्रास ऐकू येतं, की आता त्याचा राग येतो.

गैरसमज : स्क्रू फिरवून रेस वाढवली की आयडलिंग सुधारतं.

वस्तुस्थिती : कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हे खरं होतं. प्रीमियर पद्मिनीत तो स्क्रू त्यासाठीच असे. पण मारुती ८००मध्येसुद्धा २००० साली एमपीएफआय इंजिन, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं इंजिन, आलं. आजच्या पेट्रोल गाडीचं आयडलिंग ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ठरवतो. इंजिन तापल्यावर बहुतेक गाड्यांत ते ६५० ते ८५० आरपीएमच्या दरम्यान असतं आणि एसीचा भार आला की लागेल तेवढी जास्त हवा ईसीयू स्वतःच सोडतो.

मग थ्रॉटल बॉडीवर दिसणारा तो स्क्रू कशाचा? थ्रॉटलची झडप मिटल्यावर कुठे टेकावी, हे तो ठरवतो. तो कारखान्यातच बसवून दिलेला असतो आणि त्याला हात लावू नये, अशी स्पष्ट सूचना अनेक कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. तो फिरवला की झडप किंचित उघडी राहते. चालकाने पेडल दाबलंय, असं समजून ईसीयू आयडलिंगचं नियंत्रण सोडून देऊ शकतो. एवढं करून मूळ दोष जिथल्या तिथेच!

तो दोष बहुधा तीनपैकी एका ठिकाणी सापडतो. थ्रॉटलच्या कडेला कार्बन साचला, तर हवेची वाट अरुंद होते आणि सिग्नलला थांबताना गाडी बंद पडते. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल कमजोर असेल, तर इंजिन ठरावीक ठेक्यात मिसिंग करतं. तिसरं कारण हवेची गळती. इनटेकचा किंवा ब्रेक बूस्टरचा होज चिरला, की थ्रॉटलला वळसा घालून हवा आत शिरते. आरपीएम चढतं. पेडलवर पाय नसताना ते मर्यादेपलीकडे गेलं, की ईसीयू पेट्रोल तोडतो. आरपीएम कोसळलं, की पुन्हा सोडतो. काटा नाचतो तो यामुळे. इथे रेस वाढवणं म्हणजे गळतीत भर घालणं.

आणखी काही समजुती

"बॅटरीची वायर काढून लावा, सगळं रीसेट होतं." स्कॅनरला उपयोगी पडणारे कोड त्यात पुसले जातात. शिकलेलं आयडलिंग विसरल्यामुळे काही गाड्या आणखी बिघडतात.

"महागडं पेट्रोल टाका." जास्त ऑक्टेन नॉकिंग रोखतं, चिरलेला होज सांधत नाही.

"सकाळी रेस जास्त असते, म्हणजे बिघाड आहे." थंड इंजिनाचं आयडलिंग ईसीयू मुद्दाम वाढवतो. तापल्यावर ते उतरलं नाही, तरच काळजी करा.

"सीएनजीवर थरथरते, म्हणजे किटच खराब." सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. जुने प्लग पेट्रोलवर निभावून नेतात, सीएनजीवर उघडे पडतात. किटला दोष देण्याआधी प्लग आणि कॉइल तपासा.

"कोड आला, सेन्सर बदला." पी०१७१ या कोडचा अर्थ मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी आहे, एवढाच. ऑक्सिजन सेन्सर बऱ्याचदा फक्त ही बातमी देत असतो. कारण गळकी हवा असू शकतं किंवा इंधनाचा कमी दाबही. चांगला सेन्सर काढून नवा लावला, तर पैसे जातात आणि कोड परत येतो.

म्हणून क्रम पाळा : आधी स्कॅनर, मग होजची तपासणी, मग प्लग आणि कॉइल, मग थ्रॉटल बॉडीची सफाई आणि गाडीला लागत असेल तर आयडल रीलर्निंग. पार्ट बदलण्याची पाळी त्यानंतर. मेकॅनिकने पहिल्याच मिनिटाला स्क्रूड्रायव्हर उचलला, तर त्याला तिथेच थांबवा. गाडी तुमची आहे, कारण विचारायचा हक्कही तुमचाच.