पिशवी काढली, बीजकोशांचे काय?

दिवाळी सरली की बीडकडचे ऊसतोड मजूर कऱ्हाड, वाळवा, पलूस या भागांत उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. यातली एखादी बाई कंबरदुखीसाठी दवाखान्यात येते. पाळीबद्दल विचारले तर उत्तर मिळते, ‘पिशवी काढलीय.’ वय असते बत्तीस-पस्तीस.

ही गोष्ट विरळा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. साधारण सहाजणींमागे एक! अंगावरून पांढरे जाणे, जास्त रक्तस्राव, फडावर आडोसा नाही, खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि वर ‘कॅन्सर होईल’ ही भीती. खरे तर यातली बरीच दुखणी औषधांनी आटोक्यात येतात.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः गर्भपिशवीत नव्हे, तर तिच्या दोन बाजूंच्या बीजकोशांत तयार होते. नुसती पिशवी काढली तर ते तयार होत राहते. मात्र बीजकोश काही वर्षे आधी थकू शकतात. दोन्ही बीजकोशही काढले, तर पन्नाशीच्या आसपास हळूहळू व्हायचे ते काही दिवसांतच होते. अंगातून वाफा येतात, झोप उडते, योनीमार्ग कोरडा पडतो, लघवीला जळजळ होते. हे निदान जाणवते तरी. हाडांचे मात्र कळत नाही. हाड झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालते. ते गेले की झीज वेगाने होते. त्यातच डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढायचे. हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

यावर उपाय आहे. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा गंभीर आजार नसेल, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली इस्ट्रोजेन साधारण पन्नाशीपर्यंत देता येते. पिशवी नसल्याने सहसा जोडीला प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. या गोळ्यांची धास्ती पसरली ती २००२ च्या अमेरिकी अभ्यासामुळे. त्यातल्या बायकांचे सरासरी वय होते ६३, आणि धोका दिसला तो दोन्ही संप्रेरके एकत्र घेणाऱ्या गटात. तिशीतल्या बाईला तो निष्कर्ष लावणे चूकच.

म्हणून शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवावा, गावाबाहेर जाताना सोबत न्यावा. बीजकोश ठेवले की काढले, हे त्यावरूनच कळते. कागद हरवला असेल, तर सोनोग्राफी आणि एफएसएच या रक्ततपासणीवरून बराच अंदाज येतो.