कुत्रं गेलं तर रडावं का?

यावलच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. त्याच्या पायथ्याशी केळीचे मळे आहेत. मळ्यात सालदार राहतो आणि सालदाराबरोबर त्याचं कुत्रं राहतं. रात्री पाण्याची पाळी आली, म्हणजे कुत्रं पुढे आणि माणूस मागे. रानडुक्कर आलं, बिबट्या आला, तर आधी कळतं कुत्र्याला. पुष्कळदा बिबट्या त्यालाच उचलून नेतो.

असं कुत्रं गेलं, म्हणजे सालदाराला भाकर गोड लागत नाही. लोक हसतात. "काय रे बाबा, घरचं माणूस गेल्यासारखा बसलास!" आम्ही गावोगावच्या शाळांत नोकरी केली. हे हसणं सगळीकडे ऐकलं. आम्हाला ते बरोबर वाटत नाही. का, ते सांगतो.

माणसाने गाय, बैल, शेळी पाळली, त्याच्याही आधी कुत्रा पाळला. जर्मनीत सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची एक पुरलेली जागा सापडली. तिच्यात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचं एक पिल्लू होतं. शास्त्रज्ञांनी पिल्लाचे दात तपासले. ते मरण्यापूर्वी बरेच दिवस आजारी होतं आणि माणसांनी त्याची शुश्रूषा केली असावी, असं त्यांचं मत पडलं. तेव्हा शेतीसुद्धा नव्हती. आजारी पिल्लाचा शिकारीला उपयोग तो काय? तरी कुणीतरी त्याला पाणी पाजलं, जवळ घेतलं. ही माया इतकी जुनी आहे.

तिचं कारण शरीरातही आहे. आई बाळाला पाजते, तेव्हा तिच्या रक्तात ऑक्सिटोसिन नावाचा रस वाढतो. त्याने माया दाटते. मालक आणि कुत्रा एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात, तेव्हा दोघांच्याही अंगात हाच रस वाढतो, असं जपानी शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवलं. म्हणजे सालदार खुळा नव्हे.

आपल्याकडे रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. १६८० साली महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली, अशी कथा सांगतात. त्या काळच्या कागदपत्रांत तिला आधार नाही, म्हणून पुष्कळ अभ्यासक ती मानत नाहीत. पुतळा १९३६ सालचा आहे. २०१२ साली काही लोकांनी तो काढला आणि लवकरच तो पुन्हा बसवला गेला. वाद चालूच आहे. पण लोकांनी ही कथा मनात का धरून ठेवली, हे समजायला कागद लागत नाही.

झंजीरची गोष्ट मात्र पक्की आहे. हा मुंबई पोलिसांचा कुत्रा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने लपवलेली स्फोटकं हुंगून काढली आणि अनेकांचे जीव वाचले. २००० साली तो वारला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला. अधिकाऱ्यांनी फुलं वाहिली. तिथे कुणी हसलं नाही.

कुत्रं फार तर दहा-बारा, क्वचित पंधरा वर्षं जगतं. आपल्या एका आयुष्यात दोन-चार कुत्री जायचीच. दुःख होतं ते रोजच्या वेळेला. जेवताना हात आपोआप भाकरीचा तुकडा मोडतो आणि घ्यायला कुणी नसतं. घरात लेकरू असेल, तर त्याला "कुत्रं पळून गेलं" असं सांगू नका. ते दाराशी बसून वाट पाहतं. मेलं म्हणून सांगा आणि रडू द्या.

पुरताना खड्डा खोल करा. विहीर-नाल्यापासून दूर करा. कुत्रं पिसाळून मेलं अशी शंका असेल, तर उघड्या हाताने शिवू नका. गुरांच्या दवाखान्यात कळवा. कुणाला चावलं असेल, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हा रोग एकदा उठला, की माणूस सहसा वाचत नाही. लस मात्र वेळेवर घेतली, तर वाचवते. कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचावी.

आणि एक. शोक करणाऱ्याच्या हातात दुसऱ्याच दिवशी नवं पिल्लू आणून देऊ नका. तो आपण होऊन मागेल, तेव्हा द्या. नाव जुनंच ठेवायचं की नवं, ते त्याचं त्याला ठरवू द्या.