पॉम्पेईची ‘लक्ष्मी’ भोकरदनची?

पिंपळगाव रेणुकाई (ता. भोकरदन) : हंगामात येथील बाजारात हिरव्या मिरचीचे ढीग लागतात आणि भरलेल्या मालमोटारी परप्रांताची वाट धरतात. मिरची तशी अलीकडची पाहुणी. पोर्तुगीजांमुळे ती सोळाव्या शतकात भारतात आली. या पट्ट्यातून दूरदेशी माल जाण्याची रीत मात्र सातवाहनकाळाइतकी जुनी आहे.

तालुक्याचे गाव भोकरदन म्हणजे प्राचीन ‘भोगवर्धन’. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत येथील रहिवाशांचा उल्लेख आढळतो. नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी १९७३ च्या सुमारास केळणा नदीकाठच्या या गावी उत्खनन केले. (जालना जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता, तो १९८१ मध्ये झाला.) त्या उत्खननात एक भग्न हस्तिदंती स्त्रीमूर्ती हाती आली आणि तज्ज्ञांना थेट इटलीची आठवण झाली.

इटलीतील पॉम्पेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेले. तेथील एका घरात अमेदेओ माइउरी यांना १९३८ मध्ये सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंस प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या लहानग्या दासी. तिला ‘लक्ष्मी’ म्हटले गेले व तेच नाव रूढ झाले.

हे नाव कितपत योग्य? रोमन साम्राज्यात परके देव पोहोचत, यात शंका नाही. ब्रिटनमधील हेड्रियनच्या भिंतीलगत कॅरॉबर्ग येथे १९५० मध्ये मित्रस देवाचे छोटे मंदिर उत्खननात उघड झाले. मित्रस हे नाव मूळचे इराणी, आपल्या वैदिक ‘मित्रा’च्या नात्यातले. तेथील तिन्ही वेदींवर त्या अर्पण करणाऱ्या बटाव्हियन पलटणीच्या अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. देव तेथे भक्तांबरोबर गेला, याचा तो लेखी पुरावा. पॉम्पेईच्या मूर्तीजवळ मात्र ना वेदी, ना भक्ताचे नाव. लक्ष्मीला अभिषेक करणारे हत्तीही नाहीत. मूर्तीच्या डोक्यातून खाली छिद्र पाडलेले आहे. म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय असावी. अनेक अभ्यासक तिला आता यक्षी मानतात. ती देवी म्हणून नव्हे, तर उंची माल म्हणून समुद्रापार गेली, असे मानणेच सयुक्तिक ठरते.

तो माल कोठला, यावर मात्र एकमत नाही. पॉम्पेईची मूर्ती मथुरेची असावी, असा आधीचा तर्क होता. भोकरदनच्या मूर्तीशी असलेल्या साम्यावरून म. के. ढवळीकर यांनी ती येथेच घडली असावी, असे मत मांडले. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही याच घडणीची मूर्ती मिळाली आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनानुसार पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला जाई, आणि भडोचच्या निर्यातीत हस्तिदंताचा समावेश होता. पैठणहून अजिंठ्याच्या घाटाकडे जाणाऱ्या वाटेच्या परिसरातील भोकरदन या व्यापारापासून अलिप्त राहिले असेल, हे संभवत नाही.

अडचण आहे ती एका अक्षराची. पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी कारागिराची खूण असावी असे एक खरोष्ठी अक्षर आहे. खरोष्ठी ही वायव्येकडील, गांधार प्रांताची लिपी. महाराष्ट्रात तेव्हा ब्राह्मी चाले. शिवाय अफगाणिस्तानात बेग्राम येथे १९३७ व १९३९ मध्ये भारतीय हस्तिदंती कामाचा मोठा साठा मिळाला आहे. त्यामुळे वायव्येचा दावा सहज बाजूला सारता येत नाही. हे अक्षर मूर्ती घडवणाऱ्याने कोरले की वाटेतल्या एखाद्या व्यापाऱ्याने, यावर बरेच काही अवलंबून आहे. भोकरदनचे पारडे शैलीच्या बाजूने जड आहे, लिपीच्या बाजूने नाही.

पॉम्पेईची मूर्ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिची भगिनी शोभेल अशी मूर्ती पाहण्यास इतके दूर जाण्याचे कारण नाही. ती तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे.