तापलेली मोटार पुन्हां सुरू न होणें : दोषाचा पंचनामा

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां एक गोष्ट मनावर कायमची ठसली. अतिवृष्टीनें भाताचें खाचर वाहून गेलें, तर त्याचा पंचनामा पाणी ओसरतांच झाला पाहिजे. महिन्यानें गेल्यास बांध पुन्हां घातलेला असतो, गाळ वाळलेला असतो, आणि कागदावर उतरतो तो केवळ तर्क. मोटारीच्या एका विशिष्ट दोषास हाच नियम तंतोतंत लागू पडतो, असा अनुभव आल्यावरून हे चार शब्द शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें.

दोष असा. सकाळीं थंड असतांना गाडी किल्ली फिरवितांच सुरू होते, वाटेंत कोठें अडत नाहीं. मग बाजारांत किंवा दवाखान्यापुढें पाव तास बंद ठेवून पुन्हां किल्ली फिरवावी, तों ती कांहीं केल्या सुरू होत नाहीं. अर्ध्या तासानें मात्र जणूं कांहीं झालेंच नव्हतें अशी चालूं लागते. कारागिराकडे न्यावी तोंवर ती निवलेली असते. त्यास दोष दिसत नाहीं. तो अंदाजानें एकेक वस्तु बदलीत जातो. पैसे जातात, दोष राहतो.

आमच्या घरीं कार्ब्युरेटरची जुनी पेट्रोल व्हॅन आहे. गतवर्षीं वैशाखांत शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या छातींत दुखूं लागलें, म्हणून त्यांस घेऊन वेल्ह्याकडून नसरापुराकडे निघालों. त्यांच्या मुलास बरोबर घेण्यासाठीं मार्गासनीस दहा-बारा मिनिटें थांबलों. तेवढ्यांत गाडीनें दगा दिला. भर दुपारची वेळ, रस्ता ओस, आणि रोग्याच्या कपाळावर घामाचे थेंब. पंचवीस मिनिटांनीं दुधाचा एक टेंपो आला, त्यांतून त्यांस पुढें धाडलें. सुदैवानें ते वांचले. परंतु त्या पंचवीस मिनिटांचा हिशेब अद्याप मनांतून जात नाहीं.

पुढें गाडी दुरुस्तीस दिली. "काका, बॅटरी गेली," असें सांगून कारागिरानें बॅटरी बदलली. मग प्लग बदलले, मग कार्ब्युरेटर खोलून साफ केला. दोष होता तेथेंच राहिला. तेव्हां आपणच पंचनामा करावा, असें ठरविलें.

बंद केल्यावर उष्णता वाढते ती कशी

गाडी बंद केली कीं इंजिन निवूं लागतें, अशी आपली समजूत असते. ती पुरती खरी नाहीं. चालत्या गाडीस वाऱ्याचा झोत मिळतो, पाणी फिरत असतें, आणि टाकींतून येणारें गार पेट्रोल नळ्यांस थंड ठेवतें. किल्ली बंद होतांच हीं तिन्ही साधनें एकदम थांबतात. परंतु धुराच्या नळाची धग कायम असते. ती आसपासच्या भागांत मुरते, आणि पहिलीं दहा-वीस मिनिटें ते भाग चालत्या गाडीपेक्षांही अधिक तापतात. त्यानंतर सर्व हळूहळू निवतें. म्हणूनच दोन मिनिटें थांबलेली गाडी सुरू होते, दोन तास थांबलेलीही होते, आणि पाव तास थांबलेली मात्र अडते.

चार प्रश्न

गाडी अडली कीं पुढील चार प्रश्न क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न : किल्ली फिरवितां इंजिन नेहमींच्या वेगानें फिरतें काय? मंद फिरत असेल, तर बॅटरीच्या टोकांवरील गंज, जमिनीची तार किंवा स्टार्टर यांकडे पाहावें. वेगानें फिरत असेल, तर बॅटरीस दोष देऊं नये. आमची गाडी वेगानें फिरत होती. म्हणजे बॅटरीचा खर्च व्यर्थ गेला.

दुसरा प्रश्न : पेट्रोलचा वास येतो काय? उग्र वास येत असेल, तर कार्ब्युरेटरमधील पेट्रोल तापून उतूं गेलें व इंजिनांत जरुरीपेक्षां जास्त गेलें, असें समजावें. अशा वेळीं चोक ओढूं नये. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरावा, वारंवार दाबूं नये, आणि मग किल्ली फिरवावी. जास्त हवा जाऊन कोंडलेलें पेट्रोल निघून जातें.

तिसरा प्रश्न : वास मुळींच नसेल, तर पेट्रोल पोंचतें काय? पेट्रोल एकाच तापमानावर उकळत नाहीं. त्यांतील हलके अंश ३५-४० अंशांपासूनच वाफ होऊं लागतात. नळींत वाफ कोंडली म्हणजे इंधन-पंप पेट्रोल ओढूं शकत नाहीं. आपल्या उसापासून होणारें इथेनॉल स्वतः ७८ अंशांवर उकळतें. परंतु पेट्रोलांत मिसळलें असतां मिश्रणाची वाफ होण्याची प्रवृत्ति कांहींशी वाढते, व जुन्या रबरी नळ्याही त्यानें लवकर खराब होतात. २०२३ सालापासून २० टक्के इथेनॉलचें पेट्रोल विकण्यास प्रारंभ झाला असल्यानें जुन्या गाडीच्या मालकानें नळ्या तपासून घ्याव्या.

चौथा प्रश्न : ठिणगी पडते काय? एक जादा प्लग तारेच्या टोपींत बसवून, त्याचें अंग रबरी मुठीच्या पकडीनें इंजिनाच्या लोखंडास टेकवावें व दुसऱ्याकडून किल्ली फिरवावी. निळी ठिणगी दिसली पाहिजे. पेट्रोलचा वास येत असतां ही परीक्षा करूं नये, आग लागेल. नव्या गाड्यांत ती जाणत्या कारागिरावर सोपवावी.

वहीनें काय दाखविलें

एक वही घालून तींत मीं अठरा दिवस नोंदी केल्या : किती मिनिटें थांबलों, वास होता कीं नव्हता, काय उपाय केला, आणि गाडी केव्हां सुरू झाली. लोकांच्या सांगण्यावरून इंधन-पंपावर ओला फडका ठेवीत असें. वीस मिनिटांत गाडी सुरू होई, आणि वाफेचाच दोष, असें वाटे. परंतु वही चाळतां दिसलें कीं, फडका न ठेवलेल्या दिवशींही वीसच मिनिटें लागलीं होतीं. म्हणजे गुण फडक्याचा नव्हता, काळाचा होता. हा धडा मोटारीपुरताच नव्हे. पिकावरील पुष्कळ औषधांसही तो लागू आहे.

मग गरम असतांनाच ठिणगी पाहिली, ती नाहीं. किल्ली बंद ठेवून, तारांच्या टोकांपासून दूर, कॉइलच्या धातूच्या अंगावर घट्ट पिळलेला ओला फडका धरला. पांच मिनिटांत ठिणगी आली. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तसेंच घडलें. कॉइलच्या पोटांत बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. ती जीर्ण झाली म्हणजे उष्णतेनें आंतील जोड सुटतो व निवतांच पुन्हां जुळतो. नवी कॉइल बसविली. तेव्हांपासून गाडी एकदांही अडली नाहीं.

नव्या गाड्या व ट्रॅक्टर

सन २००० मध्यें धुराविषयींचे कडक नियम देशभर लागू झाले आणि पेट्रोल मोटारींतून कार्ब्युरेटर हळूहळू गेला. नव्या गाडींत टाकींतील पंपाचा दाब बंद केल्यावर उतरत असेल, तर इंजिन न फिरवितां किल्ली दोन-तीन वेळां चालू-बंद करावी व दर वेळीं दोन-तीन सेकंद थांबावें. त्यानें गाडी सुरू झाली, तर दोष दाबाचा. इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सरही तापल्यावर असाच दगा देतो.

डिझेल ट्रॅक्टरास ठिणगी नसते. तो थंडपणीं चांगला व तापल्यावर कठीण सुरू होत असेल, तर पातळ झालेलें डिझेल झिजलेल्या इंजेक्शन पंपांतून निसटतें काय, किंवा नळींत हवा शिरते काय, हें पाहावें. तापलेल्या पंपावर गार पाणी ओतूं नये; तो अडकून निकामी होण्याचा धोका असतो.

पाबे घाटांत किंवा वरंध्याच्या वाटेवर गाडी अडल्यास प्रथम चाकामागें दगड लावावा. इंजिन बंद ठेवून उतारावर गाडी सोडूं नये. ब्रेकचें बळ त्यामुळें घटतें. रेडिएटरचें झांकण गरम असतां उघडूं नये.

तात्पर्य, गाडी अडली कीं घड्याळ पाहावें, वास घ्यावा, ठिणगी पाहावी आणि तें तेथल्या तेथें लिहून ठेवावें. तो कागद कारागिराच्या हातीं दिल्यास त्याचाही वेळ वांचतो व आपला पैसाही. आणि रोगी नेण्याचा प्रसंग असेल, तर निदान होईतोंपर्यंत अशा गाडीचें इंजिन वाटेंत बंद करूं नये, हें सर्वांत आधीं ध्यानांत ठेवावें.